तारेआडचं पेव

मेहकरापासून तीन कोसांवरच्या चिंचजवळ्याला त्या साली दोनच पिकं भरघोस आली होती: खडी आणि अफवा. बाकी रान सलग दुसऱ्या वर्षी कोरडं गेलं होतं. गावातली झाडून सारी माणसं, मोठा शेतवाला असो की हातावर पोट असलेला, दुष्काळी कामावर खडी फोडत होती. खडी फोडताना हात गुंततात, तोंड मोकळंच राहतं. त्यामुळे सकाळी एकानं सोडून दिलेली गोष्ट दुपारी कामावर सुकडी वाटेपर्यंत सगळ्या रांगेतून फिरून परत त्याच्याच कानावर यायची, आणि त्यालाही ती नवी वाटायची.

चैत्र लागला तेव्हा सगळ्या रांगेत एकच गोष्ट होती. बरडावर, गावाबाहेरच्या मुरमाड माळावर, तारेच्या कुंपणाआड जे कुलूपबंद पेव आहे, त्यात भगवानरावांची ज्वारी आहे. सरकारच्या माणसांना ती सापडली, त्यांनी वर लोखंडी झाकण घातलं, आणि आता ती मोजून न्यायला गोरा साहेब आला आहे.

भगवानरावांची विधवा रुखमाबाई त्याच रांगेत बसली होती. तिनं हातोडा क्षणभर थांबवला आणि पुन्हा चालू केला. कुणी विचारलंच तर तिचं उत्तर ठरलेलं होतं, "मले काय माहीत बापा? ते काही सांगून गेले नाहीत."

ते उत्तर खोटं होतं.

चार वर्षांमागं ज्वारी अशी पिकली होती की खळ्यावर ठेवायला जागा पुरेना. तेव्हा भगवानरावांच्या गाड्या लागोपाठ दोन दिवस भरून बरडाकडे जाताना साऱ्या गावानं पाहिल्या होत्या. पेव भरलं हे सगळ्यांना ठाऊक, कुठलं भरलं हे कोणालाच नाही, कारण पेवाची रीतच तशी. मुरमाच्या जमिनीत रांजणासारखा खड्डा खणायचा, तोंड अरुंद, पोट मोठं. आत कडबा आणि कडुनिंबाचा पाला लावून धान्य भरायचं, वर दगड, दगडावर माती आणि मातीवर नांगर. मग घरच्या एकाच माणसानं ती जागा मनात ठेवायची. भगवानराव दुसऱ्याच वर्षी तापानं गेले, पण जाण्याआधी जागा बायकोच्या कानात सांगून गेले, आणि वर एक गोष्ट बजावून गेले, "दुष्काळाचं पहिलं साल निभते. दुसरं मरत-मरत निभते. तिसरं पाहून उघडजो." रुखमाबाईला मूलबाळ नव्हतं. मेलेल्या दिराचा मुलगा निवृत्ती तिनं वाढवला होता, त्याची बायको कोकिळा आता पोटुशी होती. तिसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला तर त्या दोघांच्या आणि येणाऱ्या जिवाच्या तोंडात काय घालायचं, हा एकच विचार तिला रात्रंदिवस होता. म्हणून ती रेशनवर मिळणाऱ्या अमेरिकेच्या लाल ज्वारीच्या, मिलोच्या, भाकरी थापत होती, त्या तुटत होत्या, आणि ती गप्प होती.

तारेआडच्या पेवाची हकिकत वेगळी. तेही मूळचं भगवानरावांच्याच घराण्याचं, पण आठ वर्षांपूर्वी सरकारनं बरडावरची जमीन बियाण्याच्या प्रयोगाला घेतली तेव्हा ते रिकामंच तिच्याबरोबर गेलं. प्रयोग अजब होता. शेताच्या मधोमध लोखंडी खांब, त्यावर शिशाच्या डबीत करंगळीएवढी धातूची कांडी. डबी दुरून यंत्रानं उघडली की भोवतीच्या कपाशीवर त्या कांडीचे किरण पडायचे आणि बियाण्यात काही नवं निपजतं का ते साहेब लोक पाहायचे. गावानं त्याला ईजेचं, म्हणजे विजेचं, वावर असं नाव दिलं. नवं काही निपजलं नाही. उलट एका पावसाळ्यात कांडीचं वेष्टन फुटलं, तुकडे मातीत मिसळले. तिथल्या अधिकाऱ्यांनी ती माती घाईघाईनं पोत्यांत भरली, पोती जवळच्या रिकाम्या पेवात टाकली, झाकण घातलं आणि बदल्या करून घेतल्या. प्रयोग बंद पडला, आणि पुढच्याच वर्षी भगवानरावांच्या गाड्या बरडाकडे गेल्या, त्यामुळे त्यांनी त्या सुन्या जागेतल्या आपल्याच जुन्या पेवात ज्वारी लपवली असणार, असं गावाला वाटायला वाव राहिला. वर राहिली तार, कुलूप आणि एक गंजकी पाटी.

पाटी इंग्रजीत होती.

ते निस्तरायला आता दोघे जण मेहकरच्या डाकबंगल्यावर येऊन राहिले होते. एक सहदेव इंगळे, ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रातला शास्त्रज्ञ, पण जन्मानं नांदुऱ्याकडचा, त्यामुळे जीपमधून उतरला की आपोआप वऱ्हाडीत बोलायचा. दुसरा पांढऱ्या केसांचा पेत्रोविच. व्हिएन्ना नावाच्या शहरात सगळ्या देशांनी मिळून एक कचेरी काढली आहे, अणूच्या कामात एकाला जे कळलं ते दुसऱ्याला सांगायचं म्हणून. तिनं त्याला पाठवलं होतं. गावात त्याचा पितरूसाहेब झाला. मोजायचं यंत्र विलायतेचं, शिशाच्या अस्तराची पिंपं कॅनडाची, साहेब युगोस्लाव्हियाचा आणि खड्डा चिंचजवळ्याचा, असा तो सगळा संसार होता. फक्त पिंपं अजून बोटीवर होती, आणि ती येईपर्यंत वाट पाहण्यावाचून काम नव्हतं. रिकामा बसलेला साहेब दिसला की लोकांच्या संशयाला धुमारे फुटतात.

एका दुपारी दोघे रुखमाबाईच्या अंगणात आले. तिनं गुळाचा कोरा चहा ठेवला. कप काढताना तिचा हात फडताळापाशी थोडा थबकला, सहदेव कोणत्या घरचा हे तिला माहीत होतं. मग तिनं घरातलेच कप काढले आणि आपण थबकलो हे त्यानं पाहिलं की काय, या विचारानं तिला ओशाळल्यासारखं झालं.

"मावशी, हे पेव तुमच्या घरचं," सहदेव म्हणाला. "किती खोल, पोट कोनत्या अंगानं फुगलेलं, तुमच्याबिगर कोनाले माहीत नाही. पिंपं आली का आमाले झटकन काम उरकाचं हाये."

तिनं काडीनं मातीत आकृती काढून दाखवली. लग्न होऊन आल्या वर्षी ती स्वतः त्या पेवात उतरली होती. पेत्रोविच उकिडवा बसून पाहत होता.

"तुमी उतरनार का आत?" तिनं विचारलं.

"मानूस नाही उतरवाचा. लांब दांड्याचे चिमटे अन् कप्पी." सहदेवनं कप खाली ठेवला. "माहा आजा वडनेर भोलजीले पेवातच गेला, मावशी. मालकाले घाई होती. कंदील सोडला नाही, माहा आजा सोडला."

बंद पेवात जीवघेणी वाफ साठते हे रुखमाबाईला कोणी सांगायला नको होतं. पेव उघडलं की आधी दोराला कंदील बांधून सोडायचा, तो विझला तर माणूसही विझेल, जळत राहिला तर खुशाल उतरावं, हे बरडावरच्या गावात लहान पोरालाही शिकवतात. निवृत्तीला तिनंच शिकवलं होतं. "त्या मातीतलं इख वाफेवानीच हाये का?" ती म्हणाली.

"वाफ बरी म्हनाची. वाफेनं कंदील तरी विझते. याच्यानं काहीच विझत नाही. वास नाही, चटका नाही. मानूस वर येते, जेवते, झोपते. मंग आठ-पंधरा दिवसांनी केस गळतात, तोंड येते, रक्ताची हगवन लागते. तवा कोनी काही करू शकत नाही."

तिनं पेत्रोविचकडे मान वळवली. "अन् हे इतक्या दूरून काऊन आले? आमच्या खड्ड्याशी ह्याइचं काय नातं?"

सहदेवनं इंग्रजीत विचारलं. पेत्रोविच बराच वेळ बोलला, सहदेवनं ते थोडक्यात आणलं. यांच्या देशात असाच अपघात झाला होता. सोबतच्या काही जणांना किरण लागले. कोणाला काही दुखलं नाही, कोणाला काही दिसलं नाही. त्यांना दूर फ्रान्स देशात नेलं, तिथल्या अनोळखी माणसांनी आपल्या हाडातला मगज काढून दिला. भाषा एक नाही, नातं नाही, तरी दिला. एक जण गेला, बाकीचे वाचले. "तेव्हापासून," सहदेव म्हणाला, "खड्डा कोनाचा हे इचारनं ह्याइनं सोडून देल्लं, म्हनतात."

मग पेत्रोविचनं तिलाच प्रश्न केला, पेवाची खूण तुम्ही कशी ठेवता?

"खून ठेवली तं चोर नेते. एकाच मानसाले सांगाचं. तो मराच्या आधी दुसऱ्याले सांगते."

"आणि तो सांगायच्या आधीच मेला तर?"

"तं ज्वारी मातीत गेली म्हनाची."

पेत्रोविचनं मान हलवली. आमची अडचण तुमच्या उलटी आहे, तो म्हणाला. पोती काढून नेली तरी बुडाशी थोडी माती राहणार, आणि ती जागा पन्नास वर्षं कोणी खणायची नाही. आज जी लहान आहेत त्यांच्या नातवंडांनाही हे ठाऊक असलं पाहिजे. एकाच माणसाला माहीत असून भागणार नाही, सगळ्या गावाला माहीत पाहिजे. सहदेवनं एवढं सांगितलं आणि मग स्वतःचं म्हणून एक जोडलं, "मावशी, गाव म्हनते भगवानरावांची ज्वारी तठी हाये. तुमी एकदा साऱ्यांसमोर नाही म्हना. तुमचं आयकतील."

रुखमाबाईची नजर अंगणात खिळली. "मले काय माहीत, भाऊ? ते काही सांगून गेले नाहीत." समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर खोटं बोलणं खडीच्या रांगेत बोलण्याइतकं सोपं नसतं, हे तिला त्या दिवशी कळलं. तरी ती बोललीच.

मेहकरच्या बाजाराच्या दिवशी तारेवरचा चौकीदार भाऊराव रेशन आणायला गेला. दुपारी निवृत्ती धावतच घरी आला, घामानं निथळत आणि आनंदानं फुललेला.

"काकू, सापडली! पोत्यावर पोती रचून ठेवली हायेत! पहारीनं झाकन उचकटलं आमी."

तिच्या हातातलं पीठ परातीत पडलं. "उतरला तं नाहीस तू?"

"दोर आखूड पडला. पन कंदील सोडला होता ना आधी, तुमीच तं शिकवलं. बुडापर्यंत भक्क जळत होता. वाफ नाही अन् काही नाही. उद्या सकाळी विहिरीचा नाडा आनतो, सारं गाव येनार हाये. पहिलं पोतं तुमच्या हातावर!"

"अरे, ती माती हाये, निवृत्ती. इखारी माती."

"मातीले कोनी कुलूप लावते का, काकू?"

सहदेवनं सांगितलेलं सगळं तिनं सांगून पाहिलं, केस गळतात, रक्त पडतं. निवृत्तीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, म्हाताऱ्या माणसाची समजूत काढावी तसा. "त्यानं सांगतलं अन् तुमी आयकलं. साहेब खोटं बोलते, कंदील खोटं बोलत नाही." कोकिळा दारात उभी होती. ती नवऱ्याकडे अशा कौतुकानं पाहत होती की रुखमाबाईला तिथं उभं राहवेना.

संध्याकाळभर तिनं एकच हिशोब मांडला. निवृत्तीला एकट्याला सांगायचं. जागा सांगितली की तो उतरणार नाही. गावातले बाकीचे उतरले तर? त्याला आपण काय करणार, आपण काही कोणाला उतरा म्हटलेलं नाही. हा विचार तिला पटला नाही, पण तिनं तो धरून ठेवला. पहाटे ती त्याला उठवायला गेली तर अंथरूण रिकामं होतं. पोरं नाडा घेऊन केव्हाच निघून गेली होती.

ती बरडावर पोचली तेव्हा तार कापलेली होती आणि अर्धं गाव कुंपणाच्या आत होतं. बायका टोपली, घमेली घेऊन आल्या होत्या. भाऊरावानं पाठवलेला निरोप पोचून जीपही नुकतीच आली होती. सहदेव हात जोडून ओरडत होता, "भाऊ हो, मांगं सरा, आयका माहं!" त्याच्या गळ्यातलं यंत्र कडकड वाजत होतं आणि लहान पोरं त्याला हसत होती. पेत्रोविच लोकांना दोन्ही हातांनी मागे सारत होता, पण स्वतः पेवाच्या तोंडाशी आडवा उभा होता. त्याच्या हिमतीनं सगळा घोटाळा केला.

"तो खुद्द उभा राह्यते, त्याले काही होत नाही, अन् आमाले होते?" गर्दीतून कोणी तरी म्हणालं आणि हशा पिकला.

निवृत्तीनं नाडा कमरेला बांधला होता. रुखमाबाईनं त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि कानाशी तोंड नेलं. चारच शब्द बोलली असेल. निवृत्ती तिच्याकडे पाहत राहिला, जणू ही बाई त्यानं आधी कधी पाहिलीच नव्हती. मग त्यानं खाली मान घालून नाड्याची गाठ सोडली.

तिचा जीव भांड्यात पडला, पण जेमतेम श्वास घेण्यापुरता.

"काय बे, भेला का?" असं म्हणत शंकरनं नाडा उचलला. शंकर म्हणजे शेजारच्या चांगुणाचा नवरा. त्यांच्या आणि रुखमाबाईच्या घरात एकच भिंत होती. चांगुणा टोपलं कडेवर घेऊन पुढेच उभी होती, दोन्ही लेकरं तिच्या पदराला. "तू नाही तं मी," म्हणत शंकर गाठ आवळू लागला. निवृत्तीनं तोंड उघडलं, मिटलं आणि काकूकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो फक्त वाट पाहत होता. राग परवडला असता.

शंकरनं एक पाय पेवाच्या तोंडावर ठेवला. पेत्रोविचनं त्याला मिठी मारली, गर्दीतल्या दोघांनी साहेबाला ओढून दूर केलं. सहदेव आडवा झाला, त्यालाही ढकललं. आणि रुखमाबाईला आपलाच आवाज ऐकू आला, चिरका, अनोळखी.

"थांब शंकर! ज्वारी तठी नाही!"

"तुमाले काय माहीत, काकू?"

"मले माहीत हाये कुठी हाये ते. पैल्यापासून माहीत हाये." तिनं खालच्या वावराकडे बोट केलं. "ह्याइनं मरताना सांगतलं होतं. म्या तुमच्याशी खोटं बोलली. साऱ्यांशी खोटं बोलली. चाला माह्या मांगं, दाखवते."

गर्दी इतकी गप्प झाली की यंत्राची कडकड पहिल्यांदा सगळ्यांना नीट ऐकू आली. शंकरचा पाय तोंडावरून मागे आला.

ती पुढे आणि गाव मागे, असे ते सगळे खालच्या वावरात गेले. शेताच्या कडेच्या धुऱ्यापासून पावलं टाकत ती एका जागी थांबली आणि टाचेनं माती दाबली. पोरांनी कुदळी घातल्या. कमरेइतकं खणल्यावर दगड लागला, दगड सरकवल्यावर आंबूस उबट वास वर आला. निवृत्तीनं कंदील सोडला. तो हातभर खाली गेला आणि फक्कन विझला.

"वाफ हाये!" लोक ओरडले. "वाफ हाये म्हंजे दाना हाये!" म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले. पेत्रोविचला सहदेव समजावून सांगत होता, आणि तो विझलेल्या कंदिलाकडे पाहत डोक्यावर हात मारून घेत होता. महिनाभर ज्या धोक्यासाठी त्यानं शब्द शोधले, त्याच्या उलट अर्थाची खूण, कंदील जळतो तिथं खुशाल उतरावं ही, या लोकांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होती आणि ती त्याला कोणी सांगितली नव्हती. सहदेवनं सांगायला हवी होती. तो तसं म्हणालाही, दोन्ही भाषांत.

ऊन चढेपर्यंत पेव उघडं ठेवलं. कंदील जळू लागल्यावर शंकरच आधी उतरला. पहिल्या टोपलीतली ज्वारी पिवळसर पडली होती, पेवाचा वास लागलेली, पण दाणा शाबूत होता. कोणी तरी मूठ भरून नाकाशी नेली आणि तिथंच रडायला लागलं. रुखमाबाई धुऱ्यावर बसून होती. तिसऱ्या सालाची धास्ती तिच्या पोटात तशीच होती, किंबहुना वाढली होती. आपण बरं केलं असं तिला वाटत नव्हतं. आपलं गेलं, एवढंच वाटत होतं, आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

"मले तरी सांगाचं होतं, काकू," निवृत्ती जवळ येऊन म्हणाला.

"तुले सांगतलं असतं तं तूही खोटा झाला असता."

तो पुन्हा पेवाकडे गेला.

पुढच्या आठवड्यात पिंपं आली. आधी सहदेवनं सगळ्या गावाला, बायकापोरांसकट, तारेपाशी नेलं. यंत्र पेवाजवळ नेलं की कसं वाजतं, दूर नेलं की कसं गप्प होतं, हे प्रत्येकाला स्वतः चालून पाहायला लावलं. कंदील का जळत राहिला तेही सांगितलं: मातीला धान्यासारखी वाफ सुटत नाही आणि किरणांनी कंदील विझत नाही. या वेळी कोणी हसलं नाही. लांब चिमट्यांनी पोती एकेक करून वर आली, पिंपांत गेली, लॉरीवर चढली. पेव मुरमानं आणि सिमेंटानं बुजवलं. नवी पाटी मराठीत लिहिली, पण पेत्रोविचचा पाटीवर भरवसा नव्हता. निघताना तो रुखमाबाईच्या अंगणात आला आणि सहदेवच्या तोंडून म्हणाला, पाटी गंजते, तुम्ही सांगत राहा. तिनं कबूल केलं. खडीच्या रांगेत आता ती स्वतःहून ती गोष्ट सांगायची, पोरीबाळींना, माहेराला निघालेल्यांना, नव्यानं कामावर आलेल्यांना. सांगताना तिला आपलं खोटंही सांगावं लागायचं, कारण त्याशिवाय गोष्ट पुरी होत नव्हती. घरोघरी ज्वारी पोचत होती. कोणी तिला नावं ठेवली, कोणी तिच्या पाया पडलं, दोन्ही तिनं सारखंच सोसलं.

एकटी चांगुणा आली नाही. शंकरनं पेव उपसलं, पण घरी एक दाणा नेला नाही. मधल्या भिंतीपलीकडून मिलोची भाकर थापल्याचा आवाज रोज यायचा. दोनदा रुखमाबाई टोपली घेऊन दारापाशी गेली आणि तशीच परत आली.

पेवाचं बूड दिसायला लागलं त्या दिवशी चांगुणा वावरात आली. टोपलं घेऊन आली होती. वाटप सरत आलं होतं, शेवटच्या दोघी-तिघी बायका उरल्या होत्या.

"काकू," ती म्हणाली. आवाज चढा नव्हता. "तुमी बोलल्या म्हनून माहा नवरा वाचला. मले मालूम हाये ते."

रुखमाबाई उठून उभी राहिली.

"पन पौषात माही सासू गेली. आठ दिस एकच घोकत होती, पांढऱ्या ज्वारीची भाकर दे वं, एक घास दे. म्या गाव पालथं घातलं. मंग मिलोचीच दुधात कुस्करून तिच्या तोंडाशी नेली. तिनं तोंड फिरवलं." चांगुणा थांबली. "तुमी तवा तिच्या उशाशी बसल्या होत्या."

"हो," रुखमाबाई म्हणाली. "बसली होती."

"आयकत होत्या?"

"आयकत होती."

त्या वेळी आपल्या मनात काय चाललं होतं, हे रुखमाबाईला लख्ख आठवत होतं. म्हातारीच्या कपाळावर हात फिरवताना ती मनाशी म्हणत होती, अजून दुसरंच साल आहे. हे सांगायला तिची जीभ उचलली, पण सांगून चांगुणाला काय मिळणार होतं? माफी मागावी तर कशाच्या जोरावर?

चांगुणानं टोपलं पुढे केलं. "घाला," ती म्हणाली. "लेकरं हायेत घरी."

रुखमाबाईनं दोन्ही हातांनी ज्वारी भरली, टोपलं शीग लागेपर्यंत भरली. भरलेलं टोपलं एकटीला डोक्यावर घेता येत नाही, समोरच्या बाईनं हात लावावा लागतो. रुखमाबाई वाकली आणि तिनं टोपल्याच्या काठाला हात घातला. चांगुणा जागची हलली नाही. तिनं मान वळवली आणि पलीकडे उभ्या असलेल्या बाईला हाक मारली.

"सिंधू, हात लाव वं जरा."

रुखमाबाईनं हात काढून घेतले. सिंधूनं टोपलं उचलून दिलं, आणि चांगुणा ज्वारी घेऊन धुऱ्याधुऱ्यानं घराकडे निघाली.